ब्लाउजच्या काखेतलं ठिगळ

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जड आहे. रेडिओजवळ लहान मुलं बसली असतील तर त्यांना थोडा वेळ अंगणात पिटाळा, आणि तुम्ही मात्र ऐका. मी बोलणार आहे हरवलेल्या मुलींबद्दल. म्हणजे अशा मुलींबद्दल, ज्यांची घरचे वाट बघत राहतात आणि मग एक दिवस कुठल्या तरी नाल्यात, घाटात, शेताच्या बांधाला काही अवशेष सापडतात. देह सापडतो, कधी नुसती हाडं सापडतात. आणि पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो कुणी मारलं हा नसतो. ही कोण, हा असतो.

मी आयुष्यभर न्यायवैद्यक शिकवलं. दरवर्षी नव्या वर्गातल्या मुलांची समजूत अशी की या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. टीव्हीवरच्या मालिकांची कृपा! तिथे पांढरा कोट घातलेली बाई नळीत काहीतरी हलवते आणि जाहिरातीच्या आत नाव सांगते. मी मुलांना सांगायचो, अर्धं उत्तर प्रयोगशाळेत असतं. उरलेलं अर्धं घरात असतं. कपाटात असतं, शिवणाच्या डब्यात असतं, आईच्या डोक्यात असतं. हे वाक्य मी आज पुन्हा म्हणणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. अर्धं उत्तर घरात असतं.

आणि हे पटवायला मी एकच गोष्ट सांगायचो. अभ्यासक्रमात तिला जेवढा वेळ दिलेला, त्याहून कितीतरी जास्त मी घ्यायचो, त्यावरून विभागप्रमुखांची बोलणीही खाल्ली आहेत. आजही तसंच होणार, तेव्हा सांभाळून घ्या.

गोष्ट विलायतेतली, पण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १८९९ साली मुंबईत एका पारशी घरात एक मुलगा जन्मला. बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम. हुशार. मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झाला. मुंबईतच लग्न झालं. पुढे शिकायला म्हणून तिकडे गेला आणि तिथलाच झाला. नावसुद्धा बदलून घेतलं, बक रक्स्टन. १९३० साली इंग्लंडच्या उत्तरेला लँकेस्टर नावाच्या गावात, डाल्टन स्क्वेअर या चौकात त्याने दवाखाना घेतला. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. पेशंट त्याच्यावर खूश. गरिबाकडून पैसे घेत नाही अशी ख्याती. घरात इझाबेला नावाची स्कॉटिश बाई, तिच्यापासून तीन मुलं. लग्न झालेलं नव्हतं, पण गाव त्यांना नवरा-बायकोच समजे. डॉक्टर भयंकर संशयी. घरात सारखी भांडणं, पोलिसांपर्यंत गेलेली.

या घरात मुलं सांभाळायला एक मुलगी होती. मेरी रॉजरसन. वय वर्षं २०. तिचं घर तिथून जवळच, मोरकम नावाच्या समुद्रकाठच्या गावात. सुट्टीच्या दिवशी ती आईवडिलांकडे जायची. एका डोळ्यात थोडा तिरळेपणा, हातावर जन्मखूण. साधी, गरीब घरची मुलगी. हिचं नाव लक्षात ठेवा, मेरी रॉजरसन. कारण या खटल्यावर पुढे जे काही बोललं गेलं, त्यात डॉक्टरचं नाव मोठं झालं, आणि ही मुलगी समासात गेली.

१४ सप्टेंबर १९३५. शनिवार. इझाबेला ब्लॅकपूलला रोषणाई बघायला, आपल्या बहिणींना भेटायला गेली होती. रात्री उशिरा गाडी घेऊन परतली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. मेरीही दिसली नाही.

डॉक्टरने काय सांगावं? घरी कामाला येणाऱ्या बायकांना एक सांगितलं, मेव्हणीला दुसरंच सांगितलं. आणि मेरीच्या आईवडिलांना सांगितलं की तुमच्या मुलीला दिवस गेले आहेत, माझी बायको तिला गुपचूप कुठेतरी घेऊन गेली आहे, तुम्ही पोलिसांत जाऊ नका, बोभाटा होईल.

श्रोतेहो, हे ओळखीचं वाटतं ना? मुलगी गायब झाली की पहिला घाव तिच्या चारित्र्यावर. आपल्याकडे आजही आईबाप पोलीस चौकीच्या बाकावर बसलेले असतात आणि आतून आवाज येतो, पळून गेली असेल, येईल चार दिवसांनी. चौकीचं कशाला, आधी भावकीच म्हणते. आणि बापाची मान एकदा खाली गेली की वर्दी राहून जाते. ज्याने काही बरंवाईट केलेलं असतं, त्याला हेच हवं असतं. त्या डॉक्टरने बापाच्या अब्रूवर भरवसा ठेवला होता.

पण मेरीच्या वडिलांना ते पटलं नाही. मुलगी घरी न सांगता राहणारी नव्हती. त्यांनी पोलिसांत वर्दी दिली. पुढची सगळी गोष्ट या एका वर्दीवर उभी आहे.

आता इथून साधारण शंभर मैल उत्तरेला चला. स्कॉटलंडमध्ये मॉफॅट नावाचं गाव. गावापासून दोनेक मैलांवर, एडिंबराच्या रस्त्यावर एक दगडी पूल, खाली घळ, घळीतून ओढा. गार्डनहोम लिन म्हणतात त्याला. २९ सप्टेंबर १९३५ ला, रविवारी, मॉफॅटला सुट्टीसाठी आलेली एक तरुण बाई फिरत फिरत पुलावर आली. कठड्यावरून सहज खाली डोकावली. ओढ्याकाठी एक बोचकं, आणि बोचक्यातून बाहेर आलेला माणसाचा हात. ती धावत परत गेली, भावाला सांगितलं, भावाने येऊन खात्री केली, मग पोलीस. पुढचे काही दिवस शोध चालला. बोचकी सापडत गेली. सगळे मिळून ७० तुकडे. तपशील सांगत नाही. एवढंच सांगतो की ते काम शरीररचना शिकलेल्या हाताचं होतं, आणि चेहरे, बोटांची टोकं, ओळख पटेल असं जे जे काही, त्यातलं बरंच मुद्दाम काढून टाकलेलं होतं.

सुरुवातीचा अंदाज काय होता? एक पुरुष आणि एक बाई. हो, अनुभवी डॉक्टरांचा! नंतर उलगडलं की दोन्ही बायका. मी हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगायचो, नाहीतर पहिल्या नजरेत लिंग-वय सांगून मोकळे होतात.

हे तुकडे कशात गुंडाळले होते? चादर, उशीचा अभ्रा, एक ब्लाउज, लहान मुलाचा झबलेवजा कपडा, आणि वर्तमानपत्रं. त्यातलं एक होतं संडे ग्राफिक, १५ सप्टेंबरचं. पान बघितलं तर त्यावर मोरकमच्या जत्रेतल्या सौंदर्यराणीची बातमी. ही बातमी देशभरच्या अंकात नव्हतीच. ती फक्त मोरकम-लँकेस्टर भागासाठी काढलेल्या आवृत्तीत होती. आपल्याला हे समजावून सांगायला नको. कोल्हापूरची आवृत्ती वेगळी, नगरची वेगळी, आणि पुण्यातल्या माणसाच्या हातात सांगली आवृत्तीचं पान दिसलं तर ते तिकडून आलंय हे शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणजे प्रेतं स्कॉटलंडात, पण कागद लँकेस्टरचा.

जाता जाता एक. रद्दीवरून आठवलं म्हणून. वर्तमानपत्रात बांधलेला वडापाव खाऊ नका हो. ती शाई पोटात जाते. अन्नसुरक्षावाल्यांनी किती वेळा सांगितलं, तरी गाड्यावर तेच. गरम तेलकट वडा आणि त्यावर कालचा अग्रलेख उमटलेला! माझ्या घरी मी हे बंद केलं आहे, बाहेर कोण ऐकतं! असो.

तर स्कॉटलंडचे पोलीस विचारात. आणि अशातच तिथल्या पोलीस प्रमुखाच्या वाचनात एक छोटी बातमी आली की लँकेस्टरच्या एका डॉक्टरकडची मोलकरीण बेपत्ता आहे. ती मेरी. वडील अब्रूला घाबरून गप्प बसले असते, तर छापायला बातमीच नसती.

पोलीस ते कपडे घेऊन मोरकमला, मेरीच्या घरी गेले. आणि इथे मी वर्गात नेहमी थांबायचो, पाणी प्यायचो, तेव्हा आताही घोटभर पिऊन घेतो.

घरात मेरीची आई होती. सावत्र आई. आपल्या कहाण्यांनी सावत्र आईचं नाव इतकं खराब करून ठेवलंय की मुद्दाम सांगतो, सावत्र आई. तिच्यापुढे तो ब्लाउज ठेवला. मळलेला, डागाळलेला. असे ब्लाउज त्या गावात शेकड्याने असतील. तिने तो उलटा केला आणि काखेत बघितलं. काखेत आतून ठिगळ होतं. तो ब्लाउज तिने जुन्या कपड्यांच्या विक्रीतून घेतला होता. काखेत विरला होता. तिने स्वतःच्या हाताने तिथे तुकडा लावला होता आणि मग तो मेरीला दिला होता. आपला टाका बाई ओळखते. तिने तो ओळखला.

त्या बाळकपड्याचं काय? तो पोलिसांनी आणखी एका बाईला दाखवला. डॉक्टरची मुलं सुट्टीत ज्या घरी राहिली होती, तिथल्या घरमालकिणीने आपल्या मुलांचे जुने कपडे मेरीला दिले होते. तिने इलॅस्टिक बघितलं आणि म्हणाली की ही गाठ माझी आहे, मी गाठ अशीच मारते. चादरीचंही तसंच. इझाबेलाच्या पलंगावर उरलेली जोडीची चादर आणि बोचक्याची चादर, दोन्हींच्या काठाला विणकामातला एकच दोष निघाला, एकाच मागावरचा.

काखेतलं ठिगळ, इलॅस्टिकची गाठ, चादरीचा काठ. म्हणून म्हणतो, अर्धं उत्तर घरात असतं.

आता उरलेलं अर्धं, ते मी पटकन सांगतो. ग्लासगोचे प्राध्यापक ग्लेस्टर आणि एडिंबराचे प्राध्यापक ब्रॅश यांनी ते ७० तुकडे जुळवून दोन देह उभे केले. हाडांची टोकं कोवळ्या वयात सुटी असतात आणि ठरावीक वयात सांधत जातात. क्ष-किरणांत ते दिसतं. त्यावरून एक देह विशीच्या आसपासचा आणि दुसरा पस्तिशी-चाळिशीकडचा, असं निघालं. इझाबेलाच्या जुन्या फोटोवर कवटीचा फोटो तेवढ्याच मापाचा करून ठेवला आणि चेहऱ्याच्या रेषा जुळतात का ते बघितलं. पावलांचे साचे करून दोघींच्या बुटांत घालून पाहिले. अळ्यांच्या वाढीवरून मृत्यू साधारण किती दिवसांपूर्वीचा, तेही काढलं. त्या काळात हे सगळं नवं होतं. पण मला सगळ्यात जास्त काय पटतं सांगू? जे जे काढून टाकलं होतं तेच बोललं. तरुण देहाचे डोळे काढलेले, मेरी तिरळी होती. हातावरची कातडी नेमकी जिथे जन्मखूण तिथे सोललेली. परक्या माणसाला हे माहीत नसतं. आणि इझाबेलाच्या बोटांची टोकं कापणाऱ्या त्या हुशार डॉक्टरने मेरीच्या बोटांचे ठसे तसेच ठेवले. मोलकरणीचे ठसे कोण बघतंय, असं वाटलं असेल. ते ठसे डाल्टन स्क्वेअरच्या घरातल्या वस्तूंवर जागोजागी सापडले. रोज पुसणारी, उचलणारी, मांडणारी तीच तर होती.

१३ ऑक्टोबर १९३५ ला रक्स्टनला अटक झाली, ती मेरीच्या खुनासाठी. मार्च १९३६ मध्ये मँचेस्टरला खटला उभा राहिला, तो मात्र फक्त इझाबेलाच्या खुनाचा. अकरा दिवस चालला. ज्युरीला निकाल द्यायला तासभर लागला. १२ मे १९३६ ला मँचेस्टरच्या तुरुंगात फाशी. ज्या टबात ते काम झालं, तो न्यायालयात पुरावा म्हणून आला आणि नंतर म्हणे पोलिसांच्या घोड्यांना पाणी पाजायला ठेवला. मेरीच्या खुनाचा आरोप चाललाच नाही. एका फाशीला एक खून पुरतो, हा वकिली हिशोब झाला. कायद्याने बरोबरच असेल. मला तो अजून खटकतो.

बघा, घड्याळ कुठे आलं! आता आजचं थोडक्यात.

आज आपल्या हातात डीएनए आहे. मुंबईत कलिन्याला आपली न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथे हाडावरून, दातावरून हे काम होतं. पण लोकांचा समज असा की हाडातून नाव निघतं. नाही निघत. हाडातून निघतो तो एक नमुना. तो जुळवायला समोर दुसरा नमुना लागतो, रक्ताच्या माणसाचा. तो नसेल तर हाड पाकिटात, पाकीट कपाटात, वर क्रमांक आणि खाली ‘अनोळखी स्त्री’.

कुणाचा नमुना चालतो? आईवडिलांचा चालतोच. पण हाडं जुनी असली, उन्हापावसात पडून राहिली असली, तर नेहमीची चाचणी कधीकधी लागत नाही. मग मायटोकाँड्रियल डीएनए नावाचा दुसरा प्रकार बघतात. नाव अवघड आहे, सोडून द्या. तो आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढच्या पिढीला फक्त लेकीच देतात. म्हणून आई नसेल तर सख्खा भाऊ चालतो, बहीण चालते, मामा चालतो, मावशी चालते, आईची आई चालते. वडील, काका, आत्या यांचा या एका चाचणीत उपयोग नाही. पुन्हा सांगतो, आई नसेल तर मामा नाहीतर मावशी. आपल्याकडे भाचीच्या लग्नात मामाला मान असतो, तो इथेही आहे.

मग एका बाजूला हरवलेल्यांच्या घरच्यांचे नमुने आणि दुसऱ्या बाजूला देशभरच्या अनोळखी मृतदेहांचे नमुने, असं एकत्र दप्तर का नाही? अहो, हाच प्रश्न घेऊन लोकनीती फाउंडेशन या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१८ मध्ये सरकारने कायदा आणतो म्हणून सांगितलं, याचिका निकाली निघाली. २०१९ मध्ये डीएनए विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्यात बेपत्ता व्यक्तींसाठी वेगळी नोंद होती, अनोळखी मृतांसाठी वेगळी. आणि जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेतलं. गुन्हेगारांचे, संशयितांचे नमुने सरकारने किती काळ ठेवावेत यावर लोकांना शंका होत्या, आणि त्या काही खोट्या नव्हत्या. पण मग तेवढा भाग बाजूला ठेवून मेलेल्यांचा आणि हरवलेल्यांचा भाग तरी करायचा होता! त्यात कुणाच्या गोपनीयतेला धक्का बसत होता? आई स्वतः रक्त द्यायला तयार असते.

आता तुमच्या घरापुरतं. कुणावर अशी वेळ येऊ नये, पण आली तर चोवीस तास थांबा असा काही कायदा नाही. लगेच जा. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. ती अठराच्या वरची असली की नुसती ‘मिसिंग’ म्हणून नोंद होते. मेरी वीस वर्षांची होती, म्हणजे आपल्याकडे ती ‘मिसिंग’मध्ये गेली असती. अशा वेळी वर्दीत काय लिहिता ते फार महत्त्वाचं.

लोक लिहितात: रंग गव्हाळ, बांधा मध्यम, अंगात पिवळा पंजाबी ड्रेस. असल्या वर्णनाच्या मुली एसटी स्टँडवर पाच मिनिटांत दहा दिसतील. खुणा लिहा. कुठल्या दातात चांदी भरली आहे, कुठली दाढ काढली आहे, लहानपणी हात मोडला होता तो डावा की उजवा, अपेंडिक्सचं ऑपरेशन, पोलिओचा पाय, गोंदण. हाड मोडून सांधलेलं असेल तर ते पुढे कितीतरी वर्षं दिसतं, म्हणून हाडवैद्याकडे नेलं होतं की दवाखान्यात, तेही सांगा. ड्रेस कुणी शिवला, कुठे उसवला होता, हुक बदललं होतं का. हवालदार कंटाळेल. कंटाळू दे.

आजकाल ठिगळ लावतंय कोण म्हणा! कपडा विरला की टाकला. माझ्या आईच्या डब्यात जुन्या परकरांचे तुकडे असायचे, रफूला वेगळी सुई असायची. आता मुली फाटक्या जीन्स विकत आणतात आणि ठिगळ लावलेलं दिसलं तर लाजतात. त्यावर मला पुष्कळ बोलायचं आहे, पण समोर काचेपलीकडून मला हात दाखवत आहेत, तेव्हा दोनच गोष्टी.

तिचा कंगवा आणि दात घासायचा ब्रश धुऊ नका, फेकू नका. सणासाठी घर आवरायला काढलं तरी नाही. साध्या कागदी पाकिटात घालून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट राहून नमुना खराब होतो. पाकिटावर तिचं नाव आणि तारीख घाला.

आणि दुसरं, नोंद झाली की तिची प्रत मागून घ्या, त्यावर नोंद क्रमांक आहे ना ते चौकीतच बघा आणि मगच बाहेर पडा. नमस्कार.